तीन मॅचचा सीझन: विदर्भ साठ वर्षं का हरत होता

ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि बसमध्ये वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लेखी आवृत्ती. बोलताना निसटलेली दोन-चार वाक्यं इथे सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.

मी अंजनगाव सुर्जीचा. हे गाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच येतं, तेही हरल्यामुळे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई गेली. २९ नोव्हेंबरला अडगाव गेलं, तेच आपल्या तेल्हाऱ्याजवळचं अडगाव. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो आमच्या गावात, सुर्जी-अंजनगावचा तह. तीन महिन्यांत एकामागून एक हार आणि शेवटी सही. स्पोर्ट्सच्या भाषेत याला 'लूजिंग सीझन' म्हणतात. समोरचा कॅप्टन आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. म्हणजे टीम काही ऐरीगैरी नव्हती, पण हार ती हारच.

तर आजचा विषय लूजिंग सीझन. लढाईचा नाही, मैदानावरचा. आपल्या विदर्भाच्या रणजी टीमचा.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, विदर्भ तर चॅम्पियन आहे ना! २०१७-१८, २०१८-१९, २०२४-२५, तीन वेळा रणजी जिंकलोय. बरोबर आहे. आज जे कॉलेजात आहेत त्यांना विदर्भ म्हणजे जिंकणारी टीम एवढंच माहीत आहे. पण तुमच्या काकांना विचारा. १९५७ ते २०१७, साठ वर्षं या टीमने फायनलचं तोंड पाहिलं नव्हतं. पेपरच्या शेवटून दुसऱ्या पानावर खाली कोपऱ्यात स्कोअर यायचा आणि लोक तो वाचायचेही नाहीत. मला प्रश्न पडला तो हा, की साठ वर्षं का? वऱ्हाडात, नागपुरात पोरं नव्हती? मैदानं नव्हती? अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली पोरं जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. ज्या गावातून माणसं बर्लिनला जातात, तिथे क्रिकेटपुरतीच अंगात ताकद नसते, हे काही पटत नाही.

त्यासाठी थोडं मागे जाऊ.

रणजी ट्रॉफी सुरू झाली १९३४-३५ मध्ये. पहिल्याच वर्षी त्यात आपली टीम होती, फक्त नाव वेगळं होतं: सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार. त्यातलं बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. कागदावर अंजनगाव, अकोट, दर्यापूर सगळे त्या टीमच्या हद्दीत. पण तेव्हाची रणजी नॉकआउट होती. हरला की घरी. म्हणजे कमजोर टीमचं वर्ष कसं जायचं बघा: वर्षभर प्रॅक्टिस, मग एक मॅच, ती हरली की पुढच्या वर्षी भेटू. एक मॅच! एखाद्या पोराला पहिल्याच ओव्हरमध्ये बाहेर जाणाऱ्या बॉलला बॅट लावायची खोड असेल, तर ती खोड आहे हे कळायलाच चार वर्षं लागणार.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'फीडबॅक लूप' म्हणतो. कोड लिहिला, चालवला, फुटला, दुरुस्त केला, परत चालवला. दिवसातून पन्नास वेळा. कोणी मला सांगितलं की वर्षातून एकदाच कोड चालवून बघायचा, तर मी पण साठ वर्षं हरलो असतो.

पुढे देश स्वतंत्र झाला, प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं, नागपूर त्याची राजधानी, तसं टीमचं नावही मध्य प्रदेश झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ त्या राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राजकारणात आपण पुण्या-मुंबईशी जोडले गेलो, पण क्रिकेटमध्ये नाही. क्रिकेटमध्ये मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा आणि १९५७-५८ च्या सीझनपासून विदर्भ वेगळा. वेगळ्या विदर्भाची मागणी करणाऱ्यांना मी नेहमी गमतीने म्हणतो, बाप्पा, क्रिकेटमध्ये तो केव्हाचा मिळालाय!

योगायोग असा, की ज्या वर्षी विदर्भ आला त्याच वर्षी रणजीचा फॉरमॅटही बदलला. आता प्रत्येक झोनमध्ये लीग. आपल्या झोनमध्ये म्हणजे सेंट्रल झोनमध्ये प्रत्येक टीम दुसऱ्या प्रत्येक टीमशी खेळणार. ऐकायला छान वाटतं. पण झोनमध्ये टीम किती? उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि आपण. म्हणजे सीझनच्या मॅच तीन. नंतर रेल्वे याच झोनमध्ये आली, तेव्हा चार. झोनमधून वर जाणाऱ्या टीम मोजक्याच. बाकीच्यांचं दुकान बंद.

आणि वर कोण होतं? राजस्थान. साठच्या दशकातली राजस्थानची टीम म्हणजे सलीम दुराणी, हनुमंत सिंग, काही वर्षं तर आपले मुंबईचे विजय मांजरेकर सुद्धा तिकडूनच. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात राजस्थानने आठ फायनल खेळल्या. आठही हरल्या, सात मुंबईकडून आणि एक कर्नाटककडून. त्यांचीही एक वेगळीच रडकथा आहे, तिच्यावर एपिसोड होऊ शकतो. पण आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की जी टीम आठ वेळा फायनलला जाते तिच्याच झोनमध्ये आपण बसलो होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी पकडेल. विदर्भ हरत होता म्हणजे दर मॅच हरत होता असं नाही. तीन-चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये ड्रॉ भरपूर होतात. पहिल्या डावात आघाडी घेतली की जास्तीचे पॉइंट मिळतात. विदर्भाचं हरणं बऱ्याचदा असलं होतं: मॅच वाचली, पण आघाडी गेली, पॉइंट गेले, सीझन गेला. हे हरणं दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी चिडतही नाही. दरवर्षी डावाने हरलो असतो तर निदान बोंबाबोंब झाली असती.

मोठं क्रिकेट नागपुरात यायचं, हे खरं. ऑक्टोबर १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर पहिली टेस्ट झाली, भारत विरुद्ध न्यूझीलंड. भारत १६७ रन्सनी हरला. (नागपूरने टेस्टची सुरुवातही हरूनच केली, काय बोलणार.) मैदान आपलं, प्रेक्षक आपले, संत्र्याच्या फोडी आपल्या, पण विदर्भाकडून खेळणारा माणूस भारताच्या टेस्ट टीममध्ये यायला थेट नोव्हेंबर २०११ उजाडला. तो उमेश यादव. वडील कोळशाच्या खाणीत कामाला, स्वतः पोलीस कॉन्स्टेबल व्हायला निघालेला. म्हणजे १९५७ पासून पहिल्या टेस्ट खेळाडूपर्यंत चोपन्न वर्षं.

आता मी तुम्हाला जरा लांब घेऊन जातो. न्यूयॉर्कला. तीन मॅचचा सीझन म्हणजे काय याचा अंदाज आपल्याला घरात बसून येत नाही, म्हणून. आणि जायचंय ते अनोळखी ठिकाणी नाही, बाबासाहेबांच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये तिथे पोचले आणि १९१६ पर्यंत होते, हे आपल्याला पाठ आहे. पण हे कमी जणांना माहीत असेल, की ते पोचले तेव्हा कोलंबियात फुटबॉल बंद होता. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल बॉल घेऊन एकमेकांच्या अंगावर आदळतात तो. आपल्या कबड्डीतली पकड आणि रग्बीतलं पळणं एकत्र केलं तर साधारण कल्पना येईल. तो इतका मारामारीचा झाला होता की १९०५ च्या सीझननंतर युनिव्हर्सिटीने टीमच बंद केली. दहा वर्षांनी, १९१५ मध्ये, परत सुरू केली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी तिथे एम.ए. पूर्ण केलं. टीमने तो पहिला सीझन एकही मॅच न हरता काढला. पुढे १ जानेवारी १९३४ ला याच टीमने रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला ७-० ने हरवलं. तिकडे रोझ बोल म्हणजे आपल्याकडे आयपीएलची फायनल समजा.

आणि मग ही टीम पडली. अशी पडली की देशभर जोक झाले. १९८३ च्या शेवटापासून ऑक्टोबर १९८८ पर्यंत कोलंबिया सलग ४४ मॅच हरली. १९८४ मध्ये नऊपैकी नऊ. १९८५, १९८६, १९८७, तिन्ही वर्षं दहापैकी दहा. मधल्या काळात नवीन स्टेडियम बांधून झालं, तिथेही हार. कारणं बरीच होती. आयव्ही लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडूंना खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, ॲडमिशन अभ्यासावरच. पण तो नियम हार्वर्ड, येललाही होताच, मग ते काऊन जिंकत होते? एक फरक असा, की कोलंबियाचं मैदान कॅम्पसमध्ये नव्हतंच. कॅम्पस ११६ व्या रस्त्यावर आणि मैदान मॅनहॅटनच्या पार उत्तर टोकाला, २१८ व्या. लेक्चर संपवून पोरं प्रॅक्टिससाठी शंभर रस्ते ओलांडून जायची. ज्यांनी अंजनगावहून परतवाड्याला एसटीने कॉलेज केलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

१९८५ ची पहिली मॅच हार्वर्डशी. कोलंबिया १७-० ने पुढे होती. सतरा-शून्य! मॅच संपली तेव्हा स्कोअर हार्वर्ड ४९, कोलंबिया १७. नवीन कोच जिम गॅरेट इतका भडकला की त्याने पत्रकारांसमोर स्वतःच्याच पोरांना हरण्याचं व्यसन लागलेले म्हणून सुनावलं. सीझन संपताच तो गेला. त्याची तीन पोरं कोलंबियात होती, ती प्रिन्सटनला गेली. आणि ८ ऑक्टोबर १९८८ ला, ४४ हारींनंतर, कोलंबियाने अखेर एक मॅच जिंकली, १६-१३. कोणाविरुद्ध? प्रिन्सटन. प्रिन्सटनचा क्वार्टरबॅक कोण? त्याच कोचचा मुलगा जेसन गॅरेट. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हणालो असतो, फेकतोय.

पण मला या गोष्टीतली नाट्यमय बाजू नाही सांगायची. मला यातला हिशेब सांगायचाय. कोलंबियाला ४४ मॅच हरायला पाच वर्षं लागली. का? कारण वर्षाला नऊ-दहा मॅच मिळत होत्या. हरले तरी पुढच्या शनिवारी मॅच होतीच. १९८४ ते १९८७ या चार वर्षांत टीम एकोणचाळीस मॅच खेळली. सगळ्या हरली, पण खेळली. झोनच्या काळातल्या विदर्भाला ४४ मॅच खेळायला, वर्षाला चार धरल्या, तर अकरा वर्षं लागायची. तीन धरल्या तर पंधरा. म्हणजे कोलंबियाच्या टीमने चार वर्षांत जेवढ्या मॅच पाहिल्या, तेवढ्या पाहायला विदर्भाच्या पोराला नोकरी, लग्न आणि पहिलं अपत्य, सगळं उरकावं लागायचं. आणि तितक्यात निवड समिती म्हणायची, वय झालं.

हरण्याचेही दोन प्रकार असतात असं मला वाटतं. एकात तुम्ही हरता. दुसऱ्यात तुम्हाला हरायलासुद्धा पुरेसं मिळत नाही. कोलंबियाच्या पोरांवर लोक हसले, त्यांचा कोच त्यांना नको ते बोलला, पण त्यांचं वेळापत्रक कोणी काढून घेतलं नाही. आपल्यावर कोणी हसलंही नाही. आपलं वेळापत्रकच डिसेंबर-जानेवारीत संपायचं.

मग बदललं काय? लोक म्हणतात चंद्रकांत पंडित आले आणि शिस्त आली. ते आहेच, त्याच्यावर येतो. पण त्याआधी दोन कंटाळवाण्या गोष्टी झाल्या, ज्यांच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही.

पहिली, २००२-०३ मध्ये झोन मोडले आणि एलिट व प्लेट अशा दोन पायऱ्या केल्या. विदर्भाची बरीच वर्षं खालच्या पायरीवर, प्लेटमध्ये गेली. हा अपमान वाटला लोकांना. पण प्लेटमध्ये आपल्याच ताकदीच्या टीम समोर यायच्या आणि मॅच वाढल्या. दुसरी, २०१२-१३ मध्ये रणजीच्या सत्तावीस टीमचे नऊ-नऊचे तीन ग्रुप झाले. नऊ टीमचा ग्रुप म्हणजे प्रत्येकाला आठ मॅच. पक्क्या आठ. हरा, जिंका, ड्रॉ करा, आठ मॅच तुमच्या. तीनवरून आठवर! आणि बघा, दोनच वर्षांनी, २०१४-१५ मध्ये, विदर्भ क्वार्टर फायनलला, समोर तामिळनाडू. २०१५-१६ मध्ये परत क्वार्टर फायनल, सौराष्ट्राकडून डावाने मार खाल्ला, पण पोचलो. कारण आणि परिणाम इतके सरळ जोडता येत नाहीत हे मलाही कळतं. पैसा आला होता. शशांक मनोहरांच्या काळात विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं वजन वाढलं, २००८ मध्ये जामठ्याला नव्या स्टेडियमवर टेस्ट झाली, ॲकॅडमी उभी राहिली, माजी खेळाडू प्रशांत वैद्य यांच्यासारखी माणसं पोरं शोधायच्या कामाला लागली, सुब्रतो बॅनर्जी फास्ट बॉलर घडवू लागले. पण ॲकॅडमीतून निघालेल्या पोराला खेळायला मॅचच नसत्या तर? ॲकॅडमीचा पास आउट झाला असता, बस.

बाहेरून खेळाडू आणले यावरून मात्र आपल्याकडे लय वाद झाले. बद्रीनाथ तामिळनाडूचा, गणेश सतीश कर्नाटकचा, वसीम जाफर मुंबईचा. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, हे जिंकले तर विदर्भ जिंकला असं कसं म्हणायचं? मला हा वाद अर्धाच पटतो. राजस्थाननेही मांजरेकरांना आणलंच होतं. आणि जाफर नुसता रन्स काढायला आला नव्हता. आदल्या सीझनला तो दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, पण मानधन मिळालं होतं. म्हणून २०१७-१८ मध्ये तो मानधन न घेता खेळला, असं तेव्हा छापून आलं होतं. चाळिशीला टेकलेला माणूस. ड्रेसिंग रूममध्ये असा एक जण बसलेला असला की तेवीस वर्षांच्या पोराला बरंच काही फुकटात शिकायला मिळतं.

आता तो सीझन. कोच चंद्रकांत पंडित, कॅप्टन फैज फझल, नागपूरचा. क्वार्टर फायनलला सुरतमध्ये केरळला ४१२ रन्सनी उडवलं. सेमीफायनल कर्नाटकशी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, डिसेंबर २०१७. पहिल्या डावात आपण १८५. जुनाच विदर्भ. कर्नाटक ३०१, एकट्या करुण नायरचे १५३. हे नाव लक्षात ठेवा. दुसऱ्या डावात आपण ३१३. कर्नाटकला हवेत १९८. चौथ्या दिवसाअखेर ते ७ बाद १११, म्हणजे ८७ हव्यात आणि तीन विकेट हातात. पाचव्या सकाळी शेपटाने मारायला सुरुवात केली. विनय कुमार ३६, मिथुन ३३. मी तेव्हा ऑफिसात एका कोपऱ्यात स्कोअर रिफ्रेश करत बसलो होतो, समोर मीटिंग चालू. शेवटी कर्नाटक १९२. पाच रन्सनी जिंकलो. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ विकेट घेतल्या, मॅचमध्ये १२.

गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे बरं का. डिग्री पूर्ण केलेला. आमच्या जमातीत एवढा उपयोगी माणूस क्वचितच निघतो.

फायनल इंदूरला, दिल्लीशी. गुरबानीची हॅट्‌ट्रिक, तिन्ही बोल्ड. रणजीच्या फायनलमध्ये ही दुसरीच हॅट्‌ट्रिक होती, पहिली १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. मग अक्षय वाडकरचे १३३, फर्स्ट क्लासमधलं पहिलं शतक, तेही फायनलमध्ये. आपण ५४७. १ जानेवारी २०१८ ला नऊ विकेट्सनी जिंकलो.

पण माझ्यासाठी त्या फायनलमधला माणूस वेगळाच आहे. आदित्य ठाकरे. अकोल्याचा. फास्ट बॉलर, वय एकोणीस. त्याची ती पहिलीच फर्स्ट क्लास मॅच होती आणि ती रणजीची फायनल होती. पहिल्या डावात त्याने दोन विकेट काढल्या. 'विदर्भाची टीम' म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर नागपूर येतं, आणि बराच काळ ते खरंही होतं. अंजनगावहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. मूर्तिजापूर-अचलपूर लाइनवरची आपली शकुंतला धडपणे चालायची तेव्हासुद्धा कोणी पोरगा किट घेऊन नागपूरला नेट प्रॅक्टिसला जाईल हे शक्य नव्हतं. त्यामुळे अकोल्याचा ठाकरे, अकोल्याचाच अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा ही नावं स्कोअरकार्डवर दिसली की मला ट्रॉफीपेक्षा त्याचंच जास्त वाटतं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड 'बेरार' मधलं बेरार ऐंशी वर्षांनी खेळायला उतरलं म्हणायचं.

पुढच्या वर्षी परत जिंकलो, सौराष्ट्राला ७८ रन्सनी हरवून. मग परत उतार लागला. २०२२-२३ चा सीझन बघा. नॉकआउटपर्यंतही पोचलो नाही. पण त्याच सीझनमध्ये जानेवारी २०२३ ला जामठ्यावर एक मॅच झाली. गुजरातसमोर आपण पहिल्या डावात ७४ ऑलआउट. गुजरात २५६. आपण दुसऱ्या डावात २५४. गुजरातला जिंकायला फक्त ७३ हवेत. ते ५४ वर ऑलआउट! आदित्य सरवटेच्या १७ रन्समध्ये ६ विकेट. रणजीच्या इतिहासात इतकं छोटं टार्गेट कोणीच वाचवलं नव्हतं, आधीचा रेकॉर्ड बिहारचा होता, १९४८-४९ मध्ये दिल्लीविरुद्ध ७८. रेकॉर्ड केला, आणि सीझन तरी वाया गेलाच. पूर्वीच्या विदर्भाला ७४ वर ऑलआउट झाल्यावर परत उभं राहायची सवयच नव्हती, कारण सवय व्हायला मॅच लागतात.

२०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईकडून फायनल हरलो, १६९ रन्सनी. २०२५ ला केरळविरुद्ध फायनल ड्रॉ, पहिल्या डावाच्या आघाडीवर ट्रॉफी आपली. दानिश मालेवारचे १५३ आणि दुसऱ्या डावात करुण नायरचे १३५. हो, तोच करुण नायर, तेव्हा आपल्या टीममध्ये. आणि केरळकडून ७९ रन्स कोणी काढले? आदित्य सरवटे. तो तिकडे गेला होता. क्रिकेटमध्ये आता गाव सोडायला लोक घाबरत नाहीत, आपल्या आयटीसारखंच झालंय.

जाता जाता एक मॅच सांगतो, जी कोणाला आठवत नाही. जानेवारी २०१९, नागपूर, रणजी क्वार्टर फायनल, विदर्भ विरुद्ध उत्तराखंड. त्या वर्षी रणजीत नऊ टीम प्लेटमध्ये आल्या होत्या: बिहार परतला, आणि उत्तराखंड, पुद्दुचेरी, सिक्कीम, मेघालय, मणिपूर, मिझोराम, नागालँड, अरुणाचल या नव्या. सोशल मीडियावर चेष्टा सुरू झाली, यांना रणजीत कशाला घेतलं, स्टँडर्ड पडलं वगैरे. चेष्टा करणाऱ्यांत आपल्याकडचेही होते, हे बघून मला नवल वाटलं. उत्तराखंड प्लेटमध्ये पहिली आली आणि थेट क्वार्टर फायनलला चॅम्पियन विदर्भासमोर. त्यांनी पहिल्या डावात ३५५ केले. मग आपले ६२९, त्यात जाफरचे २०६. दुसऱ्या डावात उमेश आणि सरवटेने त्यांना १५९ मध्ये गुंडाळलं. डाव आणि ११५ रन्सनी हरले बिचारे.

पण प्लेटमध्ये नऊ टीम होत्या, म्हणजे लीगच्या आठ मॅच आणि नागपूरची ही नववी. उत्तराखंडच्या पोरांनी रणजीच्या आपल्या पहिल्याच सीझनमध्ये नऊ मॅच खेळल्या. १९५७-५८ मध्ये रणजीत उतरलेल्या आपल्या पोरांना, झोनमध्ये तीनच मॅच मिळत असताना, नवव्या मॅचपर्यंत पोचायला तीन हिवाळे लागले असते.

पुढच्या एपिसोडला राजस्थानच्या त्या आठ फायनल घेऊ. तोवर भेटत राहू.